कार्डाशिवाय

"विहीणबाई, तुम्ही बसा निवांत. आम्ही दोघी करतो."

आम्ही दोघी. इंदुताई सहज बोलून गेल्या आणि चष्मा नाकावर सरकवून पुन्हा टेबलावर वाकल्या. त्यांच्यामागे दिवाणावर माझी केतकी डाव्या कुशीवर आडवी होती, पोटाखाली उशी घेऊन, आणि त्यांना एकेक अक्षर सांगत होती. त्या एका बोटानं टाइप करत होत्या. चुकलं की दोघी हसायच्या. मी कराडहून आलेली, हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड. एका वायरीनं वीज आलेली, दुसरी काळी वायर टीव्हीला गेलेली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, तो बोर्ड म्हणजे अख्खा कॉम्प्युटर. डबा नाही, पंखा नाही, एका पट्टीवर सगळा संसार. माझ्या लेकीनं तो सासरच्या पॉलिहाऊसला बसवला होता. तिकडे मावळात जरबेराची फुलं फार करतात. ऊन वाढलं की बोर्ड आपणहून धुक्यासारखे फवारे सोडायचा, बाजूचे पडदे वर घ्यायचा, गारवा आला की सगळं बंद करायचा. पण त्याची सगळी अक्कल होती नखाएवढ्या एका कार्डात. आतल्या दमटपणानं आणि येता-जाता गायब होणाऱ्या विजेनं ते कार्ड दर थोड्या दिवसांनी मान टाकायचं. मग केतकी नवं कार्ड भरायची, खाचेत खोचायची, गाडं पुढे चालू. आता ती बाळंतपणाला माहेरी गेल्यावर कार्ड कोण भरणार? त्यात चैत्रातलं ऊन. एक दुपार फवारे बंद राहिले तरी फुलं करपली असती, आणि लग्नसराई तर तोंडावर आलेली.

त्यावर उपाय होता. बोर्डावरच साठवणीची एक चिप पक्की बसवलेली असते. कार्डातली सगळी ऑपरेटिंग सिस्टिम त्या आतल्या चिपमध्ये उतरवायची आणि कार्ड कायमचं काढून टाकायचं. मग ना दमटपणाची धास्ती, ना खोचाखोची. केतकीनं मला फोनवर बजावलं होतं की तू न्यायला ये, पण बोर्ड कार्डाशिवाय चालू झालेला मी डोळ्यांनी बघणार आणि मगच गाडीत बसणार. डॉक्टरीणबाईंनी रविवारपर्यंत प्रवासाला परवानगी दिली होती, पुढे अजिबात नको म्हणून सांगितलेलं. मी पोचले तो गुरुवार होता. म्हणजे माझी लेक माझ्या घरी येणार की नाही, हे त्या हिरव्या पट्टीवर अडलं होतं.

आता यात मत्सर वाटण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. विचारा की. मी सांगते.

रिटायर होईपर्यंत मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. मोहिते मॅडमच्या हाताखालून गेलेल्या पोराचा सोल्डरिंगचा टाका कधी सुटत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. केतकी लहान असताना तिला शेजारी बसवून शिकवायला मी जिवाचं रान केलं. पोरगी पाच मिनिटांत उठून पळायची. पुढे इंजिनिअर झाली ती माझ्याकडून न शिकता. आणि तीच पोरगी आता दिवाणावर पडून, कधी नव्हे त्या सबुरीनं, सातवी शिकलेल्या सासूला कीबोर्डवरची आडवी रेघ कुठे आहे ते समजावून सांगत होती.

वर त्या सासूला हाक कशी मारायची, तर 'आई'. मला ती मम्मी म्हणते. त्यात चूक माझीच. त्या काळी आमच्या कॉलनीत सगळ्या पोरांच्या मम्म्याच होत्या, मीही हौसेनं तेच शिकवलं. आई हा शब्द आमच्या घरात कोरा करकरीत पडून राहिला आणि लग्न झाल्यावर तिनं तो उचलून सासूला देऊन टाकला.

बरं, हे रडगाणं गायचं कुणापुढे? सासू छळते म्हटलं की शंभर बायका पदर सावरून ऐकायला बसतात. माझ्या लेकीची सासू फार चांगली आहे आणि त्याचा मला त्रास होतो, हे ऐकून घेणारी एक बाई मला भेटली नाही. बहिणीपाशी एकदा बोलले, तर ती म्हणाली, तुला सुख बोचतंय. तेव्हापासून गप्प बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

केतकीचे बाबा गेल्यापासून कराडच्या घरात मी एकटीच. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून कुणी मोडत नाही, आणि त्या दिवसांची मी वाट बघत होते. तिच्या खोलीला रंग दिला. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. डिंक, खारीक, हळीव आणून ठेवले, बाळाला न्हाऊ घालणारी बाई ठरवली, शेगडीची जागासुद्धा ठरवली. माझं पोर माझ्या घरी, माझ्या नजरेखाली. तेवढे दिवस तरी त्यात इंदुताई नव्हत्या.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी दोघींनी मिळून सिस्टिम आत उतरवली. टीव्हीवर पांढरी अक्षरं सरसर वर सरकत होती आणि इंदुताई सत्यनारायणाला बसल्यासारख्या हात जोडून बघत होत्या. काम संपलं. केतकीच्या सांगण्यावरून त्यांनी बोर्ड बंद केला, कार्ड काढलं, पुन्हा वीज दिली. टीव्हीचा पडदा काळा. थांबून बघितलं, तरी काळाच. कार्ड परत खोचलं, तर लगेच चालू.

आत बसलंच नाही वाटतं, उद्या परत करू, असं केतकी म्हणाली. इंदुताईंचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, एका बोटानं टाइप करून कुठे सिस्टिम बसते का. उद्या मीच बसते.

शुक्रवारी सकाळी पदर खोचून टेबलाशी गेले, तर इंदुताई आधीच खुर्चीत. मी म्हणाले, द्या इकडे. त्या मुकाट्यानं उठल्या. मागे दिवाणावरून केतकीचा सुस्कारा ऐकू आला, पण मी मान वळवली नाही. बोर्ड कार्डावर चालूच होता. मी माझं भिंग काढलं आणि तो सगळीकडून नीट पाहिला.

त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक सरकवायचं बटन होतं. एका बाजूला कार्डाची खूण, दुसऱ्या बाजूला चिपची. सुरू होताना बोर्डानं कुठे बघायचं, बाहेरच्या कार्डाकडे की आतल्या चिपकडे, ते त्यावरून ठरतं. बटन कार्डाच्या बाजूला होतं. म्हणजे काल कार्ड काढल्यावर तो बिचारा रिकाम्या खाचेकडे तोंड करून बसला होता. मी नख लावून ते चिपच्या बाजूला सारलं. कुणाला बोलले मात्र नाही. म्हटलं, एकदा चालू होऊ दे, मग दोघींना समोर बसवून सावकाश सांगू. वर्गात पोरं चुकली की मी असंच करायची.

मग आज्ञा दिली आणि सगळं पहिल्यापासून आत उतरवायला लावलं. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात शेजारची सून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलवायला आली. इंदुताई म्हणाल्या, फुलांची गाडी यायची आहे, मला हलता यायचं नाही, तुम्ही जाऊन या आणि माझ्या वाटचंही कुंकू लावून घ्या. मी गेले. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं घेतलं. तिथे एकजण म्हणाली की तुमची लेक आणि इंदुताई म्हणजे सख्ख्या मायलेकीच वाटतात हो. दुसरी म्हणाली, इंदुताईंना मुलगी नाही ना, देवानं अशी दिली.

"देवानं नाही," मी म्हणाले, "मी दिली."

सगळ्याजणी हसल्या. मी विनोद केला नव्हता.

परत येते तर टीव्ही काळा. काम संपलं म्हणून मी बंद करून, कार्ड काढून बघितलं, आज पण तेच, असं केतकीनं सांगितलं. इंदुताई गाडीवाल्याला वाटेला लावून नुकत्याच आत आलेल्या, त्यांच्या हाताला अजून फुलांचा चीक होता. मी वीज काढली, दिली, परत काढली, परत दिली. काही नाही. बटन मी माझ्या हातानं सारलेलं, त्यामुळे तिकडे परत बघण्याचं मनातही आलं नाही. तीस-पस्तीस वर्षं या विषयात घालवली, आणि विहिणीच्या घरात विहिणीसमोर माझं नाक कापलं गेलं.

"राहू द्या विहीणबाई," इंदुताई म्हणाल्या, "मशीनच खोडील दिसतंय. तुम्ही दमलात, च्या टाकते."

समजूत घालायचा तो सूर ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केतकी हळूच म्हणाली की रविवारपर्यंत नाहीच झालं तर मग इथेच राहावं लागेल ना गं. मी म्हणाले, कसं होत नाही तेच बघते.

शनिवारी सकाळी इंदुताई पॉलिहाऊसवर गेल्या होत्या. बोर्ड घरात असल्यामुळे त्यांना फवारे हातानंच चालू-बंद करावे लागत होते. जावईबापू कंपनीच्या कामानं आठवडाभर बाहेरगावी. केतकी आंघोळीला गेलेली. म्हटलं, एखादा टाका सुटलाय का ते तरी बघावं, म्हणून भिंग घेऊन बसले आणि बघता बघता त्या बटनापाशी आले.

ते कार्डाच्या बाजूला होतं.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. ते बटन आपोआप हलणारं नव्हे, नख लावल्याशिवाय जागचं सरकत नाही. मी पुन्हा ते आतल्या बाजूला सारलं, कार्ड बाहेरच ठेवलं आणि वीज दिली. टीव्हीवर पांढरी अक्षरं धावली आणि मागोमाग पॉलिहाऊसचं पान उघडलं, तापमान, दमटपणा, पडदे, सगळं जिथल्या तिथे. बोर्ड कार्डाशिवाय चालत होता. कालच चालला असता. परवाही चालला असता. माझं काही चुकलं नव्हतं, कुणीतरी मुद्दाम बटन मागे सारलं होतं.

आणि ते कोण, हे मला सांगायला कुणी लागत नव्हतं. लेक जाऊ नये असं इथे कुणाला वाटणार? मला राग आला, पण त्याच्या दुप्पट आनंद झाला. एवढे दिवस ही बाई म्हणजे नुसती गुळाची ढेप, कुठे दोष काढायला जागा नाही. आज सापडली. मी चपला घातल्या आणि तरातरा पॉलिहाऊसवर गेले.

आत दमट उकाडा होता. इंदुताई वाफ्यात वाकून फुलं काढत होत्या. जरबेरा कापत नाहीत, देठ धरून जरासा पिळून अलगद ओढून घेतात. मला बघून त्या उभ्या राहिल्या.

"बोर्ड चालू झाला," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "झाला? देव पावला बाई. कसा काय झाला?"

"पहिल्याच दिवशी झाला होता. घरातलं कुणीतरी तो होऊ देत नव्हतं. माझ्या लेकीनं माझ्याकडे येऊ नये असं इथे कुणाला वाटतं, ते तुम्हीच मला सांगा विहीणबाई."

मी हे वाक्य वाटेत येता येता घोळवून घेतलं होतं. त्यांच्या हातातली फुलं तशीच राहिली. त्या माझ्याकडे बघेनात, घराच्या दिशेनं बघत राहिल्या. मग फुलं बादलीत ठेवून पदराला हात पुसले.

"मीच केलं ते," त्या म्हणाल्या. "पोर जाऊ नये वाटलं. चुकलं माझं. माफी करा."

काय सांगू, त्या घटकेला मला जग जिंकल्यासारखं वाटलं. पण इतकी वर्षं पोरांच्या चुका तपासलेल्या, सवय जाते कुठे? केलंत काय नेमकं, असं मी विचारलं.

"ती वायर... जराशी ओढून ठेवली."

"कुठली?"

"काळी."

काळी वायर टीव्हीची. ती सैल असती तर कार्ड घालूनही टीव्हीवर काही दिसलं नसतं, आणि कार्ड घातल्यावर तर दर वेळी सगळं लख्ख दिसत होतं. या बाईला बटनाची गंधवार्ताही नव्हती. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मान खाली घातली. घरात माणसं तिघी. एक मी. एक ही, जिला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मग राहिली कोण?

केतकीनं केलं, हे तर लागलंच. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरं. मी बोलल्याबरोबर इंदुताईंनी ओळखलं होतं की हे पोरीचं काम आहे. मला कळायच्या आधी त्यांना कळलं, आणि माझ्या पोरीला माझ्यापासूनच वाचवायला त्यांनी तिचा गुन्हा आपल्या पदरात घेतला. कुणी मुस्काटात मारली असती तरी बरं झालं असतं.

मी तशीच घरी आले. केतकी ओले केस पाठीवर सोडून दिवाणावर बसली होती, टीव्हीसमोर. पॉलिहाऊसचं पान तिला दिसलंच होतं.

"कार्डाशिवाय?" तिनं विचारलं.

"कार्डाशिवाय. बटन चिपच्या बाजूला केलं की चालतं ते. तुला माहितीच आहे."

ती खाली बघत राहिली. मला वाटलं नाही म्हणेल, रडेल, काहीतरी बहाणा करेल. तिनं यातलं काही केलं नाही.

"मम्मी, मला यायचं नाहीये," ती म्हणाली. "आधीपासूनच नव्हतं. तू खोलीला रंग दिलास, सगळं आणून ठेवलंस, मग तुला सांगायची माझी छातीच झाली नाही. म्हटलं मशीनवर ढकलू, म्हणजे तुला वाईट वाटणार नाही."

"का?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तिथे आले की मी परत आठवीतली होते. मी काहीही करायला घेतलं की तू म्हणतेस, दे इकडे. तुझं बरोबरच असतं, दर वेळी. पण मला आता चुकत चुकत शिकायचंय. बाळ रडलं की तू म्हणशील, दे इकडे. आणि मी देईन, मला माहितीये."

"आणि या? या नाही घेणार?"

"त्या आधी विचारतात," केतकी म्हणाली. "घेऊ का गं, म्हणून."

वाईट वाटलं असं म्हणणं सोपं आहे. मला राग आला होता. वाटलं, हिला वाढवताना कोण विचारत बसलं होतं मला? ताप भरला की रात्रीच्या रात्री मांडीवर घेऊन बसले, तेव्हा कुणाची परवानगी घेतली? पोरं पोसायची आम्ही आणि गोड बोलून आयती न्यायची दुसऱ्यांनी. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण ती पोटावर हात ठेवून माझ्याकडे अशी बघत होती, की आता मम्मी ओरडणार आणि आपण गुपचूप पिशवी भरून निघणार. आणि मी ओरडले असते तर ती खरंच निघाली असती. रविवारी दुपारपर्यंत मी तिला कराडच्या खोलीत नेऊन निजवलं असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.

थोड्या वेळानं इंदुताई आल्या. त्यांनी हातपाय धुतले आणि बाहेर बसायच्या आधीच विषय काढला. म्हणाल्या, बोर्ड झाला ते उत्तमच झालं, आता उद्या सकाळी ऊन व्हायच्या आत निघा, पोरीची बॅग मी भरून देते. केतकीचा चेहरा पांढरा पडला. इंदुताई तिच्याकडे न बघता बोलत राहिल्या की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, तो आईचा मान असतो, त्यात आम्ही मध्ये येणार नाही. म्हणजे इथेही मोठेपणा त्यांचाच. माझी लेक मला त्या दान करणार आणि मी पदर पसरून घेणार.

नाही म्हटलं. एवढी लाचार मी नाही.

"कशाला उगीच," मी म्हणाले. "एवढा लांबचा रस्ता, हिची अशी अवस्था. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड. मी विचार केलाय. बाळंतपण इथेच होऊ दे."

"अहो पण विहीणबाई, रिवाज..."

"रिवाजाचं मी बघते. लेक माझी आहे, कुठे बाळंत व्हायचं ते मी ठरवलं. डिंकाचं सामान आणि दुपटी पाठवून देते, लाडू तुम्ही करा. गूळ जरा बेताचा घाला, तिला फार गोड चालत नाही."

इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. त्या बाईला नेहमीच सगळं समजतं, तीच तर बोंब आहे. त्या फक्त बरं म्हणाल्या. केतकी रडायला लागली तर मी तिला म्हणाले, रडतेस कशाला, ते बटन आता परत हलवू नकोस म्हणजे झालं.

रविवारी मी एकटीच एसटीत बसले. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. कराडला बायका विचारायला आल्याच, लेक कुठाय म्हणून. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, असं मी ठोकून दिलं. रंग दिलेल्या खोलीचं दार लावून घेतलं. मन मोठं झालं वगैरे काही नाही हो. भांडी घासताना, पूजा करताना, डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं, माझी लेक कुशीवर पडली आहे आणि दुसरीच बाई तिला डिंकाचा लाडू मोडून भरवते आहे. फोन रोज यायचा, पण मी काही सुचवलं नाही, काही विचारलं नाही. दहा वेळा जीभ चावली असेल.

दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट. मी गच्चीवर कुरडया घालत होते, हात चिकानं भरलेले, आणि फोन वाजला. दोन बोटांनी उचलून खांद्यानं कानाशी धरला.

"मम्मी, कळा यायला लागल्यात गं."

आवाज बारीक, घाबरलेला. माझ्या हातातला सोऱ्या खाली पडला. मी विचारलं, घरात कोण आहे, इंदुताई कुठेत?

"आई पॉलिहाऊसवर आहेत. हाक मारली की ऐकू जाईल त्यांना."

"मग मारली नाहीस?"

"नाही अजून. आधी तुला केला."

मी तशीच उन्हात उभी राहिले. मग तिच्यावर ओरडले. म्हणाले, शहाणे, मी इथे एवढ्या लांब बसून काय तुला उचलून नेणार आहे? आधी त्यांना हाक मार, गाडी काढायला सांग, मी मिळेल त्या गाडीनं निघते. ती म्हणाली, मारते, पण तू फोन ठेवू नकोस. आणि मला फोनमधून तिची हाक ऐकू आली, आणि थोड्या वेळानं इंदुताईंच्या धावत येणाऱ्या चपला.

नातू आता शाळेत जातो. पॉलिहाऊसला तो बोर्ड अजून कार्डाशिवायच चालतो. इंदुताई आल्या-गेल्याला कौतुकानं सांगतात, कळा सुरू झाल्या तेव्हा पोरीनं पहिली हाक मला मारली हो. मी शेजारी बसलेली असते. मान डोलावते, चहा पिते, आणि एक अक्षर बोलत नाही. बाकी सगळं त्यांना दिलं, एवढं माझ्यापाशी राहू दे.